वाघमोडे सरांचं भ्या

वाघमोडे सर भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी सांगतेय असं कुणाला वाटू नये. ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. धाराशिव जिल्ह्यातल्या ईट गावाजवळच्या आमच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, खुर्ची पुढं केली आणि म्हणाले, "बाई, त्या कपाटाजवळ बसू नका. त्याचा एक पाय मोडलाय. मला त्याचं भ्या वाटतं." मी बघितलं, तर मोडक्या पायाखाली विटा लावलेल्या होत्या आणि वरून ते कपाट भिंतीतल्या खिळ्याला सुतळीनं बांधलेलं होतं. ते सरांनीच बांधलं होतं, हे नंतर कळलं.

उंच, हडकुळा माणूस. चालताना मान जरा पुढं, आणि डोळे कायम पायाखालचं नाहीतर डोक्यावरचं तपासत असलेले. विहिरीचा काठ, कठडा नसलेली गच्ची, उसातून जाणारी पाऊलवाट, मोकाट कुत्री, ओल्या हातानं दाबलेलं विजेचं बटण, या सगळ्याचं त्यांना भ्या होतं. घरात पाल निघाली की ते वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारायचे. वहिनी केरसुणी घेऊन येईपर्यंत अंगणात उभे राहायचे. आणि आडनाव वाघमोडे. पोरांना यावर हसायला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्यांचं घराणं मेंढरं राखणारं. भाऊ अजूनही मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात. मी एकदा विचारलं, लहानपणी काही झालं होतं का. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"काय झालं न्हाय बाई. भाऊ लांडग्याच्या मागं पळायचे, मी आईच्या मागं. एवढंच. उपजतच हाय हे."

असा माणूस शाळेत इतिहास शिकवायचा आणि दर हिवाळ्यात पोरांना घेऊन जिल्ह्यातल्या जुन्या वास्तू दाखवायला न्यायचा. परंड्याचा किल्ला, तेरची देवळं, माणकेश्वरचं शिवमंदिर. "बाहेरगावचे लोक कॅमेरे घेऊन येतेत बघायला," ते म्हणायचे. "देशाच्या कागदावर नाव हाय आपल्या दगडांचं. आणि आपल्या पोरांनी काय बघितलंय, तर शेजारच्या वाशीचा बाजार." कुठंही गेलं की आधी फाटकाजवळचा निळा फलक पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. संरक्षित स्मारक, नुकसान करणाऱ्यास शिक्षा वगैरे. वाचून झालं की म्हणायचे, "ऐकलं का? दगडाला सांभाळायला सरकारचा फलक हाय. तुम्हाला सांभाळायला मी हाय. म्हणून माझ्या पुढं कुणी जायचं न्हाय."

पण पुढं जायला त्यांचेच पाय तयार नसायचे. अंधाऱ्या खोलीच्या दाराशी ते थांबत, आत तोंड करून विचारत, "हाय का कुणी?" मग वाट बघत. आत वटवाघूळ जरी फडफडलं तरी दोन पावलं मागं येत. घामानं त्यांची कॉलर ओली होई. मग वळून पोरांना म्हणत, "मला भ्या वाटतंय. तुम्हाला वाटतंय का?" धीट पोरंसुद्धा हळूच हो म्हणत. "मग हात धरा एकमेकाचा," असं म्हणून ते आत शिरत.

माझ्या पहिल्या सहलीत आम्ही परंड्याला गेलो. बुरुजाकडं जाणारा जिना अरुंद, पायऱ्या झिजलेल्या. पोरं भराभर चढली. उतरताना सर वरच्या पायरीवर बसले आणि बसूनच एकेक पायरी खाली सरकायला लागले. धोतर नेसलेले एक गृहस्थ वर येत होते, ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि बघत बसले. पोरं खाली पोट धरून हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर खाली पोचले, पॅन्ट झटकली आणि जणू काही घडलंच नाही अशा आवाजात शिकवायला लागले.

"हा किल्ला शूर माणसांनी बांधला असं तुम्हाला वाटत असंल. मला तसं वाटत न्हाय. बघा, आधी खंदक. खंदकाच्या आत तट. तटाच्या आत आणिक तट. दरवाजा सरळ न्हाय, वळून वळून येतो. एवढं कोण करतंय? ज्याला लई भ्या वाटतं त्योच करतो."

एका पोरानं विचारलं, "मग लढलं कोण सर?"

"तेच. भ्यालेलेच."

पोरांचं हसणं थांबलं होतं. मी तेव्हा खाली बघत होते, कारण मला आधी वाटलेली लाज आता मला नको होती.

त्याच सहलीत सोनारीला जेवायला थांबलो. काळभैरवाच्या देवळाजवळ वानरं भरपूर. डबे उघडले तशी ती झाडांवरून उतरली. सर पांढरे पडले. पण आवाज बारीक ठेवून म्हणाले, "सावकाश उठा. डबे तिथंच सोडा. डोळ्याला डोळा देऊ नका." सगळ्यांच्या भाकरी गेल्या. मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी म्हणाले, एक काठी उगारली असती तर पळाली असती. सर म्हणाले, "पळाली असती. पण मला तसं वाटलं न्हाय." त्यांना कुणी भित्रा म्हटलं की ते वाद घालत नसत. कुणी उंच म्हटल्यावर आपण वाद घालतो का, तसं.

लेण्यांचं मात्र त्यांना कोडं होतं. "किल्लेवाल्यांचं मला कळतं," ते म्हणायचे. "लेणीवाल्यांचं कळत न्हाय. ना तट, ना दार. उघड्या डोंगरात जाऊन बसले. रात्री कसं वाटत असंल त्यांना?" म्हणूनच असेल, धाराशिवच्या लेण्यांना ते सहल नेत नसत. मी शाळेत येऊन तिसरं वर्ष होतं तेव्हा पोरांनीच हट्ट धरला आणि सर तयार झाले. निघताना त्यांनी गाडीत नेहमीसारखा चादरींचा मोठा गठ्ठा टाकला. पोरांना थंडी वाजली तर, कुणाला चक्कर आली तर, कुणी पडलं तर. प्रत्येक चादरीला एक भीती होती.

लेण्यांकडं जायला डोंगराच्या कडेनं पायऱ्या उतरून जावं लागतं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. चादरी पोरांच्या खांद्यांवर वाटून देऊन सर कातळाला धरून उतरत होते आणि मध्येच थांबले. मी त्यांच्या मागे होते. ते वर बघत होते. लेण्याच्या कपाळावर, पुढं आलेल्या कातळाखाली, आग्या मोहोळं लटकत होती. परातीएवढी. दुरून ती काळ्या डागांसारखी दिसत होती, पण नीट बघितलं तर ते डाग हलत होते.

तिथल्या पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "कायमच असत्यात ती. आपण काय केलं न्हाय तर ती काय करत न्हाईत."

"आणि दुसऱ्यानं कुणी केलं तर?" सरांनी विचारलं. पहारेकरी हसला.

सरांनी पोरांना मोठ्या लेण्यात नेलं. प्रशस्त सभामंडप, जाड खांब, तिन्ही बाजूंना कातळात खोदलेल्या छोट्या खोल्या, आणि मधोमध गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची शांत मूर्ती. पोरं कुजबुजत बोलत होती, कारण सरांनी तसं बजावलं होतं. ते शिकवत होते, पण वाक्य संपलं की बाहेर बघत होते. थोड्या वेळानं बाहेरच्या अंगणात काही तरुण मंडळी आली. कुणाचा तरी वाढदिवस होता. एकानं मोबाइल धरला आणि दुसऱ्यानं पिशवीतून रंगीत धुराची नळकांडी काढली.

सर बाहेर गेले. मला दारातून दिसत होतं, त्यांनी त्या मुलांपुढं चक्क हात जोडले. "बाळांनो, वर बघा जरा. पाया पडतो तुमच्या, ते पेटवू नका."

"काय होत न्हाय काका," मोबाइलवाला म्हणाला. "दोन मिनिटाचा व्हिडिओ हाय."

सर त्याच्याशी बोलत बसले नाहीत. ते वळले आणि जवळजवळ धावत आत आले. मी त्यांना धावताना पहिल्यांदाच बघितलं. "बाई, खोल्यांत. सगळी पोरं खोल्यांत. चादरी दारावर."

आम्ही पोरांना ढकलत आत घातलं. बाहेर निळा आणि गुलाबी धूर वर चढत होता. तेव्हा आवाज आला. आधी मला वाटलं, वर रस्त्यावर एखादा ट्रक चढतोय. मग तो आवाज कातळातून आल्यासारखा वाटायला लागला, दातांत जाणवायला लागला, आणि अंगणातला उजेड बदलला. कुणीतरी किंचाळलं. ती तरुण मुलं डोक्यावर शर्ट ओढत पायऱ्यांकडं पळाली, आणि तो काळा ढग त्यांच्या मागं निम्मा गेला, निम्मा लेण्यात शिरला.

एका खोलीच्या दाराशी चादर धरून सर उभे होते, आत मी आणि पोरं. काळोख, वटवाघळांचा उग्र वास, पोरांचे दबलेले हुंदके. चादरीवर बाहेरून टपटप आपटल्याचा आवाज येत होता. सर एकेक नाव घेत होते. शेजारच्या खोल्यांतून पोरं हजर म्हणत होती. सरांचा आवाज इतका कापत होता की काही नावं दुसऱ्यांदा घ्यावी लागली.

"रेणुका."

कुणी बोललं नाही.

"रेणुका."

एक मुलगी रडतच म्हणाली, "सर, ती पाणी प्यायला गेली होती. वरच्या नळाला."

मी चादरीच्या कडेनं बघितलं. अंगणाच्या पलीकडं, पायऱ्या सुरू होतात तिथं, सातवीतली आमची रेणुका उकिडवी बसली होती. दोन्ही हात डोक्यावर. ती ओरडत नव्हती. ओरडत असती तर बरं वाटलं असतं. तिच्या भोवती माश्या फिरत होत्या, अजून थोड्याच.

सरांनी दुसरी एक चादर अंगाभोवती गुंडाळली, डोक्यावरून घेतली, तोंडापुढं धरली. दारात जाऊन उभे राहिले. आणि उभेच राहिले.

मी त्यांची पाठ बघत होते. चादरीतून ती थरथरताना दिसत होती. मला त्यांच्या दातांचा आवाज ऐकू येत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मलाही पुढं होता येत नव्हतं. माझ्या साडीला पोरं लटकली होती आणि खरं म्हणजे ती लटकली नसती तरी माझे पाय हलले असते का, माहीत नाही.

सर मागं न बघता म्हणाले, "बाई, माझे पाय हलत न्हाईत."

मी साडीवरचे पोरांचे हात सोडवले.

"ढकला मला."

"सर—"

"ढकला. माझ्यानं होणार न्हाय. तुम्ही ढकला."

मी दोन्ही हात त्यांच्या पाठीवर ठेवले आणि सगळा जोर लावून ढकललं. ते अडखळत सभामंडपात गेले, एका खांबाला धडकले, आणि मग थांबले नाहीत. पळालेही नाहीत. चालत गेले. अंगणात पोचेपर्यंत त्यांच्या अंगावरची पांढरी चादर काळी झाली होती. मी बघत होते आणि मला वाटत होतं की मी एका माणसाला मरायला ढकललंय.

ते रेणुकापर्यंत पोचले. चादर तिच्यावर टाकली आणि तिच्या चहूबाजूंनी दाबून, स्वतः उघडे, तिच्यावर ओणवे झाले. मुलीला घेऊन परत येणं शक्य नव्हतं. ते तिथंच राहिले. त्यानंतर मी बघितलं नाही. मी पोरांना जवळ घेऊन अंधाराकडं तोंड करून बसले. पोरं विचारत होती, सर आले का. मी सांगत होते, येतील.

पहारेकरी आणि वरच्या वस्तीतली माणसं ओल्या गवताचा धूर करत खाली आली तेव्हा त्या दोघांना उचलता आलं. रेणुकाला हातापायावर डंख होते, पण ती शुद्धीत होती. सरांचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळे मिटलेले, ओठ सुजून उलटलेले. त्यांना उचलताना त्यांनी काहीतरी विचारलं. मला ते दोनदा ऐकावं लागलं. ते विचारत होते, "बाकीची?"

सर वाचले. दवाखान्यात काही दिवस आशा-निराशेत गेले. वहिनी बाकावर बसून असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बघून एवढंच म्हटलं, "पालीला भितो हो हा माणूस." आणि पदर तोंडाला लावला.

सरांना बोलता यायला लागलं तेव्हा मी खाटेजवळ बसले. किती दिवस मनात ठेवलेलं मी बोलले, "सर, मी तुम्हाला ढकललं."

त्यांनी सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून बघितलं. "ढकललं नसतं तर मी तिथंच उभा ऱ्हायलो असतो बाई. आणि पुढं जन्मभर तिथंच उभा ऱ्हायलो असतो." मग म्हणाले, "पंखा बंद करता का? आवाज येतोय."

गावानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. एकामागून एक वक्ते वाघमोडे या आडनावावर बोलले. शेवटी सर उठले, माइक हातात घेतला. तो जरा घरघरला तसा त्यांनी तो अंगापासून लांब धरला. म्हणाले, "मला लई भ्या वाटलं होतं. मी गेलो न्हाय, मला पाठवलं." लोक कौतुकानं हसले. नम्रता किती, असं माझ्या मागं कुणीतरी म्हणालं. सरांनी पुन्हा एकदा सांगायला तोंड उघडलं, लोकांकडं बघितलं, आणि खाली बसले.

त्या प्रसंगानं त्यांचं भ्या गेलं असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. ते वाढलं. मोटारसायकल फाटकातून आत आली की ते वर्गात शिकवता शिकवता थांबत. वहिनींनी मिक्सर वापरणं सोडून पुन्हा पाट्यावर वाटायला सुरुवात केली. उन्हाळाभर त्यांच्या घरात पंखा लागला नाही. दुपारी कधी गेले तर दोघं नवराबायको वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेली दिसत. रेणुका त्यांच्याकडं येऊन बसे. ते तिला शेंगा सोलून देत.

पुढच्या हिवाळ्यात सहलीचा विषय निघाला तेव्हा पालक म्हणाले, वाघमोडे सर असतील तरच पोरं पाठवू. सर म्हणाले, मला जमणार नाही. मुख्याध्यापकांनी आग्रह केला नाही. सहलीच्या दिवशी गाडी निघायच्या वेळेला सर फाटकाशी उभे होते, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडीत चढले. इंजिन सुरू झालं तसे उतरले. पुन्हा चढले. मग माझ्या शेजारच्या जागेवर बसून डोळे मिटून घेतले आणि तेरला पोचेपर्यंत उघडले नाहीत. तिथं त्यांनी त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळाबद्दल इतकं सुरेख शिकवलं की पोरं जेवायचं विसरली. त्यांचा शर्ट मात्र घामानं पाठीला चिकटला होता. निवृत्त होईपर्यंत एकही सहल त्यांच्याशिवाय गेली नाही आणि एकाही सहलीत त्यांचं भ्या कमी झालेलं मी बघितलं नाही.

निवृत्तीनंतर ते लेकीकडं राहायला गेले. फोन क्वचित. मग मीही बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेले.

गेल्या पावसाळ्यात मी घरच्यांबरोबर नळदुर्गला गेले होते. बोरी नदीला पाणी आलं होतं आणि किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळत होते. गर्दी लोटली होती. त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की महालाच्या सज्ज्यासमोरून पाणी पडताना दिसतं. आवाज एवढा असतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. मी पायऱ्यांच्या तोंडाशी उभी होते आणि खाली मला सर दिसले.

ते एकटेच होते. केस पूर्ण पांढरे, पाठ जास्त वाकलेली. लोक त्यांना ओलांडून जात होते. ते एक पायरी उतरत, थांबत, पुढची उतरत. सज्ज्यापर्यंत पोचले. समोर पाणी कोसळत होतं, तुषारांनी त्यांचा चेहरा भिजत होता आणि खांदे थरथरत होते. हाक मारावी असं मला वाटलं, पण त्या आवाजात ती पोचली नसती.

तेवढ्यात एक लहान मुलगी गर्दीतून पुढं घुसली आणि पाणी बघायला सज्ज्याच्या कडेला गेली. कुणाची होती कोण जाणे. सरांनी हात लांबवून तिच्या फ्रॉकची पाठ मुठीत धरली. मुलगी वळून बघायला लागली, चिडली, सुटायला धडपडली. मागून तिचे वडील आले, त्यांनी सरांना काहीतरी सुनावलं. त्यांच्या हातवाऱ्यांवरून ते रागावलेले दिसत होते. सर मान डोलवत होते, बहुधा चुकलं म्हणत होते.

वडिलांनी मुलीला उचलून कडेवर नीट घेतलं. तोवर सरांनी फ्रॉक सोडला नाही.